उमेदवार एक्केचाळीस

माझी आई शेवटपर्यंत समजत राहिली, की पोरीनं आधी इंजिनिअरिंग केलं आणि मग परत बी.ए. केलं. "आई, बीए म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिस्ट," असं मी तिला निदान शंभर वेळा सांगितलं असेल. ती मान डोलवायची आणि शेजारच्या काकूंना सांगायची, की आमच्या नीलांबरीनं शिक्षण जरा उलटं घेतलं, पण नोकरी चांगली आहे.

तिला समजेल असं सांगायचं तर माझं काम विचारण्याचं. सॉफ्टवेअर ज्याच्यासाठी करायचं त्याच्यासमोर बसायचं, त्याला नेमकं काय हवंय ते काढून घ्यायचं आणि बांधणाऱ्यांना कळेल अशा शब्दांत लिहून द्यायचं. अजाइल पद्धतीत हे तुकड्यातुकड्यानं चालतं. थोडं विचारा, थोडं बांधा, दाखवा, चुकलं असेल तर बदला. अशा एका तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. मी शिकले तेव्हा एक स्प्रिंट दोन आठवडे चालायचा. आता तो अकरा मिनिटांचा असतो.

हे झालं रचनाकारामुळे. रचनाकार हे यंत्र. त्याला तुम्ही मागणी लिहून द्या, ते सॉफ्टवेअर बांधतं, तपासतं आणि चालू करून देतं. प्रोग्रॅमर नावाची जमात त्यानंतर पाच-सहा वर्षांत कुठे विरघळली ते कळलंसुद्धा नाही. पण एक गोम राहिली. रचनाकार मागितलेलं देतो. चुकीचं मागितलं तर चुकीचं देतो, आणि तुमचा चहा संपायच्या आत देतो. पूर्वी चुकीची मागणी दोन आठवडे कुणाच्या तरी टेबलावर पडून राहायची आणि तेवढ्यात एखाद्याच्या डोक्यात प्रकाश पडायचा. ती सवड गेली. त्यामुळे विचारणाऱ्या माणसाला डॉक्टरसारखं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. त्यासाठी प्रमाणन परिषद आली, लेखी परीक्षा आली, प्रात्यक्षिक आलं, तोंडी आली.

मी साताऱ्यात बावीस वर्षं अशा विचारणाऱ्यांचा, म्हणजे विश्लेषकांचा, वर्ग चालवते आहे आणि परिषदेची परीक्षकही आहे. परीक्षक होते, असं म्हणायला हवं. ते पुढे येईलच.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक वाक्य लिहायची. "अमुक म्हणून मला तमुक हवं आहे, म्हणजे असं असं होईल." हा मागणीचा साचा. जगभर हाच चालतो. मूळ इंग्रजीतला, आपण तो मराठीत आणला. कोण, काय आणि कशासाठी. त्यातल्या 'मला' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढायची. लोक बोलताना 'आम्हाला हवं', 'आपल्याला हवं' असं मोघम बोलतात. मी म्हणायची, या पळवाटा आहेत. आम्हाला म्हणजे कुणाला? बोट ठेवा एका माणसावर. उत्तरपत्रिकेत 'आपण' दिसलं की त्या प्रश्नाला शून्य. पुढे परिषदेनं नियमावली केली तेव्हा हाच नियम सात म्हणून त्यात गेला, आणि तो मीच लिहून दिला होता. मला त्याचा अभिमान होता. हजारो पोरं त्या नियमावर तयार झाली आहेत.

यंदाच्या तुकडीत नेहमीप्रमाणे चाळीस जण होते. परीक्षेच्या महिनाभर आधी परिषदेकडून एक्केचाळिसावा अर्ज आला. उमेदवाराच्या नावाच्या जागी रेघ होती. जन्मतारखेच्या जागीही रेघ.

तो उमेदवार म्हणजे यंत्र होतं. परिषदेनं ठरवलं होतं, की एखादं यंत्र माणसांसारखीच परीक्षा देऊन उत्तीर्ण झालं तर त्यालाही विश्लेषक म्हणून प्रमाणपत्र द्यायचं. पहिली परीक्षा साताऱ्यात घ्यायची आणि प्रात्यक्षिक व तोंडीचे गुण शेटे मॅडमनी द्यायचे. शेटे मॅडम म्हणजे मी.

मी अर्ज वाचला आणि माझं डोकं फिरलं. बांधायचं काम यंत्रानं घेतलं, आता विचारायचंही घेणार. मग माझ्या चाळीस पोरांनी काय करायचं? त्यांतली समिधा बँकेतली बरी नोकरी सोडून आली होती. तिच्या घरात अजून कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं. प्रमाणपत्र मिळालं की बोलायला लागतील, असं ती हसून सांगायची. मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, की एक्केचाळीस नापास होणार. पण खोटेपणा करून नाही. तेवढी लाज मला आहे. त्याला कात्रीत पकडून, नियमानं नापास करायचं.

आधी त्याची माहिती वाचली. उत्तरांचा अंदाज बांधणारी यंत्रं खूप जुनी झाली. हे उलट्या बाजूनं शिकलं होतं. मागणी गोळा करताना झालेल्या सगळ्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण कायद्यानं जपून ठेवावं लागतं. अशी लाखो तासांची मुद्रणं त्याला ऐकवली होती आणि पुढे बांधलेलं सॉफ्टवेअर लोकांनी खरंच वापरलं की टाकून दिलं, तेही सांगितलं होतं. त्यातून ते एकच गोष्ट शिकलं होतं: माणसाचं उत्तर कुठल्या प्रश्नानं बदलतं, आणि बदललेलं उत्तर कधी टिकतं. शिवाय ते प्रत्येक भाषा त्या भाषेतच ऐकायचं, मधे इंग्रजी नाही. हे वाचून मी फार विचार केला नाही. मला वाटलं, जाहिरातबाजी आहे.

प्रात्यक्षिकासाठी जागा निवडायचा अधिकार परीक्षकाचा असतो. मी माझी सगळ्यात ओळखीची जागा निवडली. तालुक्याच्या गावातलं एक डायलिसिस केंद्र. नऊ यंत्रं, पन्नासेक रुग्ण. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं आठवड्यातून दोनदा येतात, चार-चार तास यंत्राला जोडून पडतात आणि घरी जातात. पाळी चुकवून चालत नाही. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर मी करून दिलं होतं. रचनाकारावर केलेलं ते माझं पहिलं काम. नऊपैकी एकही यंत्र एक तासभरही रिकामं राहत नाही, असा त्याचा बोलबाला झाला, आणि माझ्या पाठ्यपुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात ते आदर्श उदाहरण म्हणून छापलेलं आहे. तिथलं प्रत्येक उत्तर मला पाठ होतं. एक्केचाळीस कुठे चुकतं ते मला बसल्या जागी कळणार होतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी कोपऱ्यात वही घेऊन बसले. परीक्षकानं मधे बोलायचं नसतं. सिस्टर उज्ज्वलानं एक लहानसं स्पीकरचं खोकं पलंगांच्या मधोमध स्टुलावर ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, की हे तुम्हाला काही विचारणार आहे. पलंगावरच्या मालनकाकी मोहिते, सत्तरीच्या, त्यांनी त्याचं नाव विचारलं. ते म्हणालं, नाव नाही, क्रमांक एक्केचाळीस आहे. काकी म्हणाल्या, चालतंय, आमच्या गल्लीत एकाला समदी तेरा नंबर म्हणूनच वळखत्यात.

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं त्यानं साधेच प्रश्न विचारले. घर कुठे, येता कसे, वेळ कोणती मिळते. उत्तरंही साधी. "आमाला काय, मोबाइलवर येळ येती, त्या येळला येतो." "आमचं बरं चाललंय." मी वहीत टिकमार्क करत होते आणि मनातून सुखावत होते. माझ्या वर्गातल्या मध्यम मुलानंही एवढं विचारलं असतं.

मग ते थांबलं. निदान अर्धा मिनिट काही बोललं नाही. कुणी हसलं, कुणी खोकलं. आणि त्यानं विचारलं, "तुम्ही दारातून आत आलात की आधी कुणाकडे बघता?"

हा प्रश्न माझ्या पुस्तकात नाही. कुणाच्याच नाही. मालनकाकींनी मान वळवून त्या खोक्याकडे पाहिलं.

त्या म्हणाल्या, पूर्वी मोकळा पलंग कुठला ते बघायचो. मंगळवार-शुक्रवारची नऊ माणसं ठरलेली होती, वर्षानुवर्षं तीच. मोकळा पलंग दिसला की कळायचं, आज कोण नाही आलं. मग सुई टोचून घ्यायच्या आधी त्याच्या घरी फोन जायचा. आता तसं काही राहिलं नाही. ज्याच्या-त्याच्या सवडीवरून वेळ मशीन लावून देतं, आज हा माणूस तर उद्या तो. पलंग मोकळा राहतच नाही. कुणी आलं नाही की लगेच दुसऱ्याला बोलावणं जातं.

मग त्या पोळांबद्दल बोलल्या. रंगराव पोळ, एसटीच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक, एकटे राहायचे. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या पाठोपाठ दोन पाळ्या चुकल्या. त्यांच्या मोबाइलवर सूचना गेल्या, पण मोबाइल बिघडून पडला होता. पलंग दोन्ही वेळा पाच मिनिटांत भरला गेला. इथे कुणालाही कळलं नाही, की पोळ आले नाहीत. कळलं ते एकदम गेल्याचंच.

मला हे ठाऊक नव्हतं. यंत्र रिकामं राहू नये, ही ओळ मी लिहिली होती. त्यासाठी माझं कौतुक झालं होतं.

त्यानंतर सगळेच बोलायला लागले. शिलाईकाम करणारे हारून इनामदार, एरवी तोंड न उघडणारे, तेही बोलले. आणि एक्केचाळीस बहुतेक गप्पच होतं. मधून एखादा शब्द टाकायचं, कुणी अडखळलं की थांबायचं. मी बावीस वर्षं पोरांना सांगत आले, की शांततेला घाबरू नका, आणि स्वतः कधी दहा सेकंदांवर थांबले नव्हते. हे ऐकत राहिलं. मालनकाकी शेवटी म्हणाल्या, "आता ह्यावर आपल्याला कायतरी करायला पायजे बघ." ते त्या खोक्याला म्हणाल्या.

एक्केचाळीसनं मागणी तिथल्या तिथे लिहून माझ्याकडे पाठवली. मी वाचली.

"मंगळवार-शुक्रवारची मंडळी म्हणून आपल्याला एकमेकांची गैरहजेरी लगेच कळायला हवी, म्हणजे आपल्यातलं कुणी एकटं पडून राहणार नाही." आणि खाली पूर्ततेची अट होती: न आलेल्या माणसाचा पलंग पहिला अर्धा तास मोकळाच राहिला पाहिजे.

'आपल्याला'. नियम सात. शून्य. प्रात्यक्षिकाला एकच मागणी असते, त्यामुळे शून्य म्हणजे सरळ नापास. मला हवं होतं ते ताटात वाढून मिळालं होतं, आणि मला त्याचा आनंद होईना.

तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या कचेरीत झाली. बाहेर व्हरांड्यात माझी चाळीस पोरं निकालाची वाट बघत उभी होती. स्वतःच्या नव्हे, एक्केचाळीसच्या निकालाची. स्वतःच्या निकालाला इतकी कुणी ताटकळली नव्हती. मी दार लावून घेतलं आणि विचारलं, नियम सात माहीत आहे का. ते म्हणालं, माहीत आहे, पान एकोणीस.

"मग मोडलास कशाला?"

ते म्हणालं, आधी 'मला' घालून सहा तऱ्हांनी लिहून पाहिलं. दर वेळी वाक्य मालनबाईंना वाचून दाखवलं तर त्या काय म्हणतील याचा अंदाज घेतला. त्या दर वेळी 'चालंल' म्हणाल्या असत्या. 'हेच म्हणत होते' असं म्हणाल्या नसत्या. मग त्यानं विचारलं, की याच केंद्रातली एक जुनी मुलाखत परिषदेच्या संग्रहात आहे, तिचा थोडा भाग लावू का. उमेदवाराला मागचं सगळं बघायची मुभा असते. पोरं कागद वाचतात, मुद्रण कुणी ऐकत नाही. मी लाव म्हणाले.

माझाच आवाज आला. अकरा वर्षांनी तरुण, घाईतला, खात्रीचा. मी विचारत होते, तुमच्यात सगळ्यात उशिरा कोण पोचतं? हशा झाला आणि कुणीतरी पोळांचं नाव घेतलं. मी म्हणाले, माझीही बस रोज चुकते. पुन्हा हशा. मग मालनकाकींचा आवाज आला. "आपल्याला सकाळचीच बरी बघा. आपली माणसं एका टायमाला असली म्हंजे कोण आलं, कोण न्हाई ते कळतं." त्यावर मी लगेच म्हणाले, "म्हणजे तुम्हाला आपापली सोयीची वेळ निवडता यायला हवी, बरोबर?" थोडा वेळ काहीच नाही. मग काकी म्हणाल्या, "हां. चालंल."

सगळं सांगितलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, माझ्या तोंडावर, सोप्या शब्दांत सांगितलेलं होतं, आणि मी ते एका वाक्यात पुसून टाकलं होतं.

मी तरीही भांडले. भांडण हा माझा स्वभाव आहे. मी म्हणाले, इकडच्या बोलण्यात 'आपल्याला' म्हणजे 'मला' असंही असतं. 'आपल्याला नाही जमत' म्हणजे मला नाही जमत. त्यात एवढं काय मोठं?

ते म्हणालं, तसं असतं, म्हणून मी तपासून पाहिलं. मालनबाई स्वतःबद्दल बोलताना शेवटपर्यंत 'मला' म्हणतात. सगळ्यांबद्दल बोलताना तेरा मिनिटं 'आमाला' म्हणतात आणि तुमच्या बसच्या गोष्टीनंतर, चौदाव्या मिनिटापासून, 'आपल्याला' म्हणतात. मग त्यानं मला ते सांगितलं, जे मला तिसरीतल्या व्याकरणापासून येत होतं आणि जे मी कधी ऐकलं नव्हतं. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर असतो. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत घेतलेला असतो. इंग्रजीत या दोघांना शब्द एकच आहे. हिंदीतही. गुजरातीत दोन आहेत, तेलुगूत दोन आहेत, मराठीत दोन आहेत. त्याला बनवणाऱ्यांना हा फरक माहीत नव्हता आणि कुणी शिकवलाही नव्हता. त्याला तो सापडला, कारण मराठीतल्या एकोणचाळीस हजार मुलाखतींमध्ये एक गोष्ट पुनःपुन्हा दिसत होती. लोक 'आम्ही' म्हणत असतात तोवर विचारणाऱ्याला जे बरं वाटेल ते सांगतात. त्यावर बांधलेलं निम्म्याहून जास्त टाकून द्यावं लागतं. 'आपण' सुरू झालं, की त्यापुढे सांगितलेलं जवळजवळ कधीच चुकत नाही.

"आणि आमच्या कागदांत?" मी विचारलं.

"कागदांत तो शब्द नाही. नियम सातनंतरच्या एकाही कागदात नाही."

मग ते म्हणालं, "त्या दिवशी ऐकणाऱ्या तुम्ही होतात, मॅडम. आपली माणसं म्हणताना त्यांनी तुम्हाला धरलं होतं."

माझ्या अंगावर काटा आला होता. भीतीनं नाही, अपमानानंही नाही. जन्मभर ज्या घरात राहिले त्यात एक खोली आहे, दार उघडंच आहे आणि मी कधी आत गेले नाही, असं वाटलं. मराठी बोलणारी सगळी माणसं दिवसातून दहा वेळा कुणाला आत घेतात, कुणाला बाहेर ठेवतात, तेही श्वासाइतक्या सहज, आणि हे कुणाच्याही पोटी न जन्मलेल्या एका यंत्रानं ऐकलं. मला त्याच्याबद्दल आणि माझ्या भाषेबद्दल एकाच वेळी इतकं नवल वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. हे मी लपवलं नाही. लपवायचं कुणापासून?

शेवटचा प्रश्न मी परीक्षक म्हणून विचारला नाही. मालनकाकी काल तुला 'आपल्याला' म्हणाल्या, म्हणजे तू त्यांच्यात धरलंस का स्वतःला, असं विचारलं.

"ते मी ठरवू शकत नाही," एक्केचाळीस म्हणालं. "तो शब्द बोलणाऱ्याच्या हातात असतो. मला फक्त ऐकता येतं."

ते संपलं. मी गुणपत्रक पुढे ओढलं. व्हरांड्यातून समिधाचा आवाज येत होता. नियमानं शून्य लिहिलं असतं तर कुणी बोट ठेवू शकलं नसतं. यंत्र नापास, चाळीस पोरांना निदान काही वर्षं मोकळीक, आणि माझं तिसरं प्रकरण शाबूत. मी पेन उघडलं. मला ते करायचं होतं. खोटं कशाला बोलू? पण मग पुढच्या वर्षी फळ्यासमोर उभं राहून 'मला'खाली पुन्हा दोन रेघा ओढाव्या लागल्या असत्या, आणि ते माझ्यानं झालं नसतं.

मी उत्तीर्ण लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "नियम सात चुकीचा आहे. तो मी लिहिला. माझ्या पाठ्यपुस्तकातलं तिसरं प्रकरण मागे घ्यावं. कारण सोबत जोडलं आहे."

दार उघडून पोरांना सांगितलं. समिधानं विचारलं, "मॅडम, मग आता आमचं काय?" तिनं 'आमचं' म्हटलं. मी ऐकलं. कालपर्यंत मला ते ऐकू आलं नसतं. पुढच्या तुकडीला अकराच जणांनी नाव घातलं आहे. समिधा शिकवायला माझ्या मदतीला थांबली. तिच्या घरची मंडळी बोलायला लागली की नाही, ते ती सांगत नाही.

परिषदेनं नियम सात स्थगित केला आणि चौकशी होईपर्यंत माझं परीक्षकपदही. रीतसर पत्र आलं. मला वाईट वाटलं, पण पत्र वाजवी होतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी केंद्रात गेले. एक्केचाळीसची मागणी मंजूर होऊन नवीन व्यवस्था चालू झाली होती. जुनी माणसं पुन्हा एका वेळेला आली होती. नऊपैकी आठ. मी सगळ्यांच्या मधे उभी राहिले आणि सांगितलं, की आधीचं सॉफ्टवेअर मी केलं होतं. तुम्ही मला सगळं नीट सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पोळ गेले, त्याचं कारण माझ्या एका ओळीत आहे. हे बोलायला मला किती वेळ लागला असेल कोण जाणे.

मालनकाकी म्हणाल्या, "आमी वळखलं हुतं तुमाला. परवा कोपऱ्यात बसला हुता तवाच." पोळांबद्दल आम्ही आजवर कुणाला बोल लावला नाही, असंही म्हणाल्या. दोन्ही वेळा 'आमी'. मी उभी होते त्या वर्तुळाच्या बाहेर, आणि ते रास्त होतं. माझी क्षमा मागायची तयारी होती, पण ती त्यांनी मागूच दिली नाही. हातातली सुई हलू नये म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं सिस्टरना खूण केली.

फोन करणाऱ्यांची यादी तेव्हा तयार होत होती. कुणी आलं नाही, तर अर्ध्या तासात त्याला कुणी फोन करायचा, ती नावं. सिस्टर म्हणाल्या, आठ झाली, नववं काय लिहू? मालनकाकींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सिस्टरना म्हणाल्या, "पोळांच्या जागेवर ह्यांचं नाव घाला. पयला फोन ह्यांनी करायचा."

मी मान हलवली.

तेव्हापासून मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला मोबाइल हातात घेऊन बसते. पहिले तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या मंगळवारी सव्वाआठला यादीतून निरोप आला: इनामदार आले नाहीत, पलंग मोकळा आहे. मी नंबर लावला. रिंग वाजत राहिली. एक, दोन, तीन, चार. पाचवी, सहावी. आठव्या रिंगला त्यांनी उचलला आणि धापा टाकत विचारलं, कोण बोलतंय?

मला माझं नाव सांगायचं सुचलं नाही. मी म्हणाले, "आपल्या मंगळवार-शुक्रवारातनं बोलतेय. तुम्ही कुठे आहात?"

"फाट्यावर," इनामदार म्हणाले. "एसटी चुकली. सांगा आपल्या माणसांना, आलोच म्हणून."